आधी ओळ, मग फोटो: बातमीदारी आणि छायाचित्रण एकत्र शिकवताना

पत्रकारितेचा तास वेगळा आणि फोटोग्राफीचा वेगळा, अशीच बहुतेक अभ्यासक्रमांची आखणी असते. एका वर्गात सहा ककार (कोण, काय, कुठे, कधी, का, कसं) घोकून घ्यायचे, दुसऱ्यात अॅपर्चर (लेन्समधलं उजेड आत सोडणारं छिद्र) आणि शटर (तो उजेड किती वेळ आत येऊ द्यायचा ते ठरवणारा पडदा). मीही बरीच वर्षं तसंच शिकवलं. मुलं पास व्हायची, पण प्रत्यक्ष घटनेच्या जागी गेली की गोची व्हायची. लिहिणाऱ्याला समोरचं दिसायचं नाही आणि फोटो काढणाऱ्याला समोरच्याचं नाव विचारायला तोंड उघडत नसे.

आता वही, टेपरेकॉर्डर, कॅमेरा आणि छापखाना एकाच खिशात असतात. तरीही ती भिंत टिकून आहे, याचं मला नवल वाटतं. ती पाडायची सगळ्यात सोपी जागा म्हणजे फोटोखालची ओळ. वृत्तपत्राच्या डेस्कवर तिला फोटोओळ किंवा नुसतं कॅप्शन म्हणतात आणि बहुतेकदा ती पान लागायच्या घाईत शेवटी खरडली जाते. मी उलट करतो, सगळा कोर्स तिच्याभोवती बांधतो. खालची आखणी बारा आठवड्यांची आहे, आठवड्याला दोन तासिका आणि वर्गात वीसेक विद्यार्थी धरून केलेली. महागडा कॅमेरा नसला तरी काही अडत नाही.

पहिला आठवडा: फोन खोक्यात

पहिल्या दिवशी सगळ्यांचे फोन एका खोक्यात जमा करून घ्या. कुरकुर होईल, होऊ द्या. प्रत्येकानं परिसरातली एक जागा निवडून तिथं दहा मिनिटं बसायचं आणि वीस गोष्टी लिहून आणायच्या. जे दिसलं, ऐकू आलं, वासानं कळलं तेवढंच लिहायचं, बाकी काही नाही.

परत आल्यावर शेजाऱ्याशी वही बदलायची. ज्या वाक्याला ‘हे तुला कसं कळलं?’ असं विचारता येईल त्या वाक्याखाली रेघ मारायची. पहिल्या खेपेला निम्मी वही रेघांनी भरते.

एका वर्षी एका मुलीनं लिहिलं होतं, ‘पायरीवर एक आजोबा उदास बसले आहेत.’ रेघ आली. उदास कशावरून? तर मान खाली घातली होती म्हणून. म्हटलं, जा, विचारून ये. आजोबा अजून तिथंच होते. त्यांच्या चष्म्याच्या काडीचा बारीक स्क्रू पडला होता आणि ते तो शोधत होते. तिनंही शोधायला मदत केली, सापडला. त्यानंतर त्या वर्गात कुणी अंदाजानं काही लिहिलं की मागच्या बाकावरून ‘स्क्रू!’ अशी हाक यायची. निरीक्षण आणि निष्कर्ष यांतला फरक मी फळ्यावर तीन वेळा समजावला असता तरी इतका पोचला नसता.

दुसरा आणि तिसरा आठवडा: ओळ

यावर दोन आठवडे घालवणं काही सहकाऱ्यांना चैन वाटते. माझ्या मते तेही कमीच पडतात.

ओळ दोन वाक्यांची. पहिल्या वाक्यात फोटोत कोण आहे, काय करतंय, कुठे आणि कधी. दुसऱ्यात फोटोत न दिसणारं, पण वाचकाला लागणारं: हे का चाललंय, आधी काय झालं, पुढे काय होणार. ‘भाषण करताना अमुक’ ही ओळ नव्हेच. माइकसमोर तोंड उघडून उभा आहे म्हणजे भाषणच करतोय, हे वाचकाला दिसतं. तो काय म्हणाला, ते लिहा. आनंदी, भावुक, संतप्त असली विशेषणं काढून टाका. स्क्रू आठवा.

नावाच्या बाबतीत मात्र मी हट्टी आहे. नाव ऐकून लिहायचं नाही. वही आणि पेन त्या माणसाच्या हातात द्यायचं आणि त्यालाच लिहायला सांगायचं. ऱ्हस्व-दीर्घ, आडनावाचं नेमकं रूप, सगळं तिथल्या तिथे मिटतं. गटाचा फोटो असेल तर नावं डावीकडून, आणि ती जागेवरच टिपायची. आमच्या विद्यार्थी-अंकात एकदा चार जणांची नावं उलट्या क्रमानं छापली गेली. टिपणं बरोबर होती, मुलानं क्रमही नीट लिहिला होता. घोळ असा की फोटो त्यानं फोनच्या पुढच्या कॅमेऱ्यानं काढला होता आणि त्या फोननं तो आरशातल्यासारखा उलटा साठवला होता. मागच्या फलकावरची अक्षरं उलटी होती, ती मलाही दिसली नाहीत. तेव्हापासून बातमीसाठी पुढचा कॅमेरा बंद, आणि फोटोत कुठे अक्षरं असतील तर ती वाचून बघायची, असा नियम झाला.

मोठ्या फोटोच्या ओळीतही खोट राहते, हे दाखवायला मी केव्हिन कार्टरचं सुदानमधलं छायाचित्र घेतो. दुष्काळात कोसळलेलं एक मूल आणि मागे बसलेलं गिधाड. मार्च १९९३ मध्ये ‘न्यूयॉर्क टाइम्स’मध्ये ते छापून आलं आणि १९९४ मध्ये त्याला पुलित्झर हा पत्रकारितेतला मानाचा पुरस्कार मिळाला. छापलेल्या ओळीत ती लहान मुलगी असल्याचं म्हटलं होतं. वाचकांनी एकच प्रश्न लावून धरला, पुढे त्या मुलीचं काय झालं? संपादकांना काही दिवसांनी वेगळी टीप छापावी लागली आणि तीतही मूल अन्नकेंद्रापर्यंत पोचलं की नाही याचं उत्तर नव्हतं. २०११ मध्ये एका स्पॅनिश वृत्तपत्राच्या बातमीदारांनी त्या मुलाच्या वडिलांचा माग काढला, तेव्हा कळलं की ती मुलगी नव्हती, मुलगा होता, आणि त्या वेळी तो वाचला होता. वर्गात हे सांगून झालं की मी गप्प बसतो. छायाचित्रकारानं मदत करायला हवी होती का, यावर मुलं तावातावानं बोलतात. ते बोलून झालं की विचारायचं: जागेवर कोणते दोन प्रश्न विचारले असते तर ही ओळ पुरी झाली असती? आणि विचारायची सोयच नसेल, तर ओळीत काय कबूल करायला हवं होतं?

तिसऱ्या आठवड्याचा सराव असा: एकच फोटो सगळ्यांना द्या, ओळ न देता. प्रत्येकानं त्याला तीन ओळी लिहायच्या, तिन्ही फोटोशी जुळणाऱ्या, पण एकमेकींशी न जुळणाऱ्या. धावत्या माणसाचा फोटो असेल तर तो पळून जातोय, गाडी गाठतोय किंवा कुणाला वाचवायला निघालाय. त्यानंतर मुलं ‘फोटो बोलतो’ असं सहजासहजी म्हणत नाहीत.

चौथा आणि पाचवा: आता फोन बाहेर

सुरुवात लेन्स पुसण्यापासून करा. हसण्यावारी नेऊ नका, विद्यार्थ्यांच्या धूसर फोटोंमागे बहुतेक वेळा बोटाचा तेलकट ठसाच असतो. मग चार सवयी: फोन दोन्ही हातांत आणि कोपरं अंगाशी, पडद्यावरची जाळी चालू, बोटानं झूम नाही (ते बहुतेकदा फोटो कापून मोठा करणंच असतं, पुढे पाऊल टाका), आणि महत्त्वाच्या जागी बोट दाबून धरून फोकस आणि एक्स्पोजर (फोटोत येणारा उजेड) लॉक करणं.

प्रकाश शिकवायला खिडकीसारखं साधन नाही. एकाला खिडकीपाशी उभं करा आणि दर फोटोला थोडं थोडं वळवत आठ फोटो काढा. समोरून, बाजूनं, मागून येणाऱ्या उजेडात एकच चेहरा आठ वेगवेगळ्या माणसांचा वाटतो.

शटर, अॅपर्चर आणि आयएसओ (कॅमेरा उजेडाला किती संवेदनशील ठेवायचा तो आकडा) हे त्रिकूट मी व्याख्येपासून सुरू करत नाही. दोरीला किल्ली बांधून ती झोके घेत असताना फोटो काढायला लावतो, आधी १/३० सेकंदाला, मग १/१२५, मग १/१०००. शेवटच्या फोटोत किल्लीचे दात दिसतात, पण चौकट अंधारते. तो अंधार भरून काढायचा कसा, या प्रश्नातून उरलेल्या दोन गोष्टी आपोआप येतात. अॅपर्चरच्या एफ २.८, ४, ५.६, ८ या पायऱ्यांत दर पायरीला उजेड निम्मा होतो आणि आकडा वाढला की छिद्र लहान होतं, इथे सगळे एकदा तरी फसतात. आयएसओ १०० चा २०० केला की दुप्पट उजेडाइतका परिणाम, सोबत रवाळपणा. हातात कॅमेरा धरून काढताना शटरचा वेग लेन्सच्या मिलिमीटरपेक्षा कमी नसावा, म्हणजे २०० मिमीला निदान १/२००. फोनवाल्यांना एक जास्तीची गोष्ट सांगा: बहुतेक फोनमध्ये छिद्र कायमचं एकाच मापाचं असतं, त्यामुळे पोर्ट्रेट मोडमधली मागची धूसरता लेन्सनं दिलेली नसून सॉफ्टवेअरनं हिशेब करून घातलेली असते. मग तो फोटो बातमीला चालेल का? हा वाद इथेच सुरू करून आठव्या आठवड्यापर्यंत उघडा ठेवा.

फुकट फोटो काढता येतात याचा तोटाही आहे, मुलं चाळीस काढतात आणि एकही बघत नाहीत. कोडॅकच्या स्टीव्हन सॅसननं १९७५ मध्ये बनवलेला पहिला डिजिटल कॅमेरा एक कृष्णधवल चित्र कॅसेटवर उतरवायला २३ सेकंद घ्यायचा आणि ते चित्र असायचं १०० बाय १०० बिंदूंचं. हे सांगून मी पाचव्या आठवड्यात रोल देतो: २४ फोटो, खोडायचे नाहीत, पडद्यावर परत बघायचे नाहीत. २४ च्या २४ वर्गात उघडायचे. लाजिरवाणं असतं, पण शिकणं त्यातच आहे.

सहावा: पाच चौकटी आणि एक मुलाखत

हातानं काम करणारा एक माणूस शोधायचा आणि त्याच्या पाच चौकटी टिपायच्या: हात, चेहरा, हात आणि चेहरा एकत्र दिसतील असा लांबचा, त्याच्या खांद्यावरून त्याला काय दिसतं तो, आणि पाचवा कुणाला सुचणार नाही अशा कोनातला. ही पद्धत व्हिडिओवाल्यांची, पण स्थिर फोटोंनाही चपखल बसते. हात आधी सांगण्यात शहाणपणा आहे. कामात दंग हातांकडे कॅमेरा वळला की माणूस सैलावतो आणि चेहऱ्याचा फोटो बरा येतो.

मुलाखत त्याच माणसाची, फोटोंनंतर. ‘तुम्हाला हे काम आवडतं का?’ या प्रश्नाला ‘हो’ मिळतं आणि संपतं. ‘आज सकाळी आल्यावर पहिलं काय केलंत?’ याला गोष्ट मिळते. रेकॉर्डर चालू करण्याआधी विचारायचं. उत्तर संपल्यावर मनात पाच मोजायचे, कामाचं वाक्य बऱ्याचदा त्या शांततेत येतं. आकडे आणि तारखा निघताना वाचून दाखवायच्या. एवढंच, बाकी सरावानं येतं.

सातवा: आलेल्या फोटोचं करायचं काय

डिजिटल काळात बातमीदाराच्या हाती स्वतः काढलेल्यापेक्षा दुसऱ्याकडून आलेले फोटोच जास्त पडतात. म्हणून पडताळणीचा आठवडा वेगळा हवा. रविवारी मी वर्गाच्या गटात एक नाट्यमय फोटो टाकतो, ‘आत्ताचा’ म्हणून, आणि सोमवारी विचारतो: छापायचा का? क्रम ठरलेला असतो.

आधी, कुणी पाठवला आणि त्याच्याकडे कुठून आला? ‘ग्रुपवर आला’ हे उत्तर नव्हे. मूळ काढणाऱ्यापर्यंत जाता येतं का बघायचं, फोन करायचा आणि त्याच्या मागचा-पुढचा फोटो मागायचा. खरंच तिथं असलेल्याकडे सहसा एकच फोटो नसतो.

दुसरं, उलट शोध. गुगल लेन्स किंवा टिनआय यांवर फोटो टाकला की तो आधी कुठे आला होता ते बऱ्याचदा दिसतं. टिनआयमध्ये जुन्यात जुना निकाल वर आणता येतो, तेवढ्यानंच निम्मे ‘आत्ताचे’ फोटो पाच वर्षं मागे जातात. एक तपशील आवर्जून सांगा: शोधात काही न सापडणं म्हणजे फोटो खरा असणं नव्हे.

तिसरं, फाइलच्या पोटातली माहिती, म्हणजे एक्झिफ. तारीख, वेळ, कॅमेरा, कधी कधी अक्षांश-रेखांशसुद्धा. मुलांना स्वतःचाच एक फोटो दोनदा पाठवायला लावा, व्हॉट्सअॅपवर एकदा फोटो म्हणून आणि एकदा डॉक्युमेंट म्हणून. पहिल्यात ही माहिती गळून पडते आणि फोटो दाबला जातो, दुसऱ्यात मूळ फाइल तशीच येते. दोन्ही शेजारी उघडल्या की वेगळं समजावायला लागत नाही. पण कॅमेऱ्यातलं घड्याळ चुकीचं असू शकतं आणि एक्झिफ बदलताही येतो, तेव्हा हा पुरावा आहे, निकाल नव्हे.

चौथं, फोटोतलं जग. सावल्या कुठे पडल्या आहेत, फलकावरची लिपी कोणती, झाडाला पालवी आहे की नाही, गाड्या रस्त्याच्या कोणत्या बाजूनं चालल्या आहेत. सनकॅल्कसारख्या साधनावर ठिकाण आणि तारीख टाकली की सूर्य त्या वेळी कुठे असेल ते कळतं आणि सावलीशी ताडून बघता येतं. वर्गाला हा भाग सगळ्यात आवडतो, गुप्तहेरगिरीच ती.

एआयनं बनवलेल्या चित्रांबद्दल मुलं हमखास विचारतात. मार्च २०२३ मध्ये पांढऱ्या फुगीर कोटातल्या पोप फ्रान्सिसचं मिडजर्नी या एआय साधनावर बनवलेलं चित्र जगभर खरं समजून फिरलं, तेव्हा बोटं मोजा, कानातलं बघा असले उपाय सांगितले जात. आता मी ते शिकवत नाही. साधनं सुधारत जातात आणि मुलं कालची खूण घेऊन आजच्या चित्रावर विश्वास ठेवतात. ओळखून देणाऱ्या यंत्रांवरही मी भिस्त ठेवत नाही, खऱ्या फोटोला खोटा ठरवण्याची चूक तीही करतात. सीटूपीए नावाच्या मानकानुसार फोटो कुठे निघाला आणि त्यात काय बदललं याची सही फाइलमध्येच ठेवण्याचं काम २०२१ पासून चालू आहे आणि काही कॅमेऱ्यांत ती सोय आलीही आहे. ते दाखवा. पण पहिला प्रश्न तोच जुना: कुणी काढला, आणि त्याच्याशी बोललात का?

आठवा: काय बदलायचं नाही

फळ्यावर दोन रकाने. चालतं: थोडं कापणं, उजेड आणि रंग डोळ्यांना दिसले होते तितके करणं, सेन्सरवरची धूळ काढणं. चालत नाही: काही मिटवणं, काही घालणं, जागा हलवणं, घटना परत करून घेणं. शेवटचं मुलांना गुन्हा वाटतच नाही. ‘सर, फक्त परत एकदा हात मिळवायला सांगितले’ हे दर वर्षी येतं. सांगून काढलेला फोटो व्यक्तिचित्रात चालतो, घटनेत नाही.

उदाहरणं ठोस हवीत. फेब्रुवारी १९८२ च्या ‘नॅशनल जिओग्राफिक’च्या मुखपृष्ठावर गिझाचे पिरॅमिड उभ्या चौकटीत बसावेत म्हणून एकमेकांजवळ सरकवले होते. २००३ मध्ये इराक युद्धात ‘लॉस एंजेलिस टाइम्स’च्या छायाचित्रकारानं बसऱ्याजवळचे दोन फोटो जोडून एक जास्त परिणामकारक फोटो बनवला. मागच्या गर्दीतली काही माणसं दोनदा दिसत होती, त्यावरून ते पकडलं गेलं आणि त्याची नोकरी गेली. २०१५ च्या वर्ल्ड प्रेस फोटो स्पर्धेत शेवटून दुसऱ्या फेरीत पोचलेल्या फोटोंपैकी २० टक्के फेरफारामुळे बाद झाले. त्याच वर्षी रॉयटर्स या वृत्तसंस्थेनं आपल्या फ्रीलान्स छायाचित्रकारांना रॉवरून (म्हणजे सेन्सरनं टिपलेल्या कच्च्या फाइलवरून) संस्कार करून बनवलेले फोटो पाठवू नका, कॅमेऱ्यातून निघालेलं मूळ जेपेगच पाठवा, असं कळवलं. हा नियम जास्तच कडक आहे का? वर्गाचे दोन गट करून भांडू द्या. माझं मत मी शेवटी सांगतो: रॉमध्ये काढा, पण मूळ फाइल जपा आणि मागितली की दाखवा.

नववा: नाही म्हणू शकणारा माणूस

कायदा ठिकाणागणिक बदलतो, तो आपापल्या ठिकाणचा नीट वाचून शिकवायचा. त्याखेरीज वर्गाचे म्हणून तीन नियम मी ठेवतो. लहान मुलाचा फोटो पालकांना विचारल्याशिवाय नाही. दुःखात असलेल्यापाशी आधी कॅमेरा खाली ठेवून जायचं. आणि ज्याला ओळख उघड झाल्यानं त्रास होऊ शकतो, त्याच्या फाइलमधून अक्षांश-रेखांश काढल्याशिवाय ती कुठेही चढवायची नाही. चेहरा धूसर करून घराचा पत्ता फाइलमध्ये ठेवणारे विद्यार्थी मी पाहिले आहेत.

दहावा ते बारावा: डेस्क

शेवटचे तीन आठवडे वर्ग म्हणजे न्यूजरूम. दर आठवड्याला एक अंक, वेब पानावर किंवा भिंतीवर, आणि भूमिका फिरत्या: बातमीदार, छायाचित्रकार, उपसंपादक, फोटो संपादक, पडताळणी. डेडलाइन म्हणजे डेडलाइन. चार वाजता म्हटलं की चार वाजून पाच मिनिटांनी आलेला फोटो कितीही सुंदर असो, पुढच्या अंकात.

फाइलच्या नावात तारीख आधी, मग विषय, मग काढणाऱ्याची आद्याक्षरं. ‘फायनल-२-खरंच-फायनल’ नावाची फाइल दिसली की ती उघडायचीच नाही. तीन प्रती, दोन वेगळ्या साधनांवर, त्यातली एक दुसऱ्या जागी. ज्याची मेमरी कार्डं उडाली आहेत त्याला हे सांगावं लागत नाही, पण तोवर कुणी ऐकत नाही.

वेब पानासाठी अल्ट टेक्स्ट, म्हणजे फोटोचं शब्दांतलं वर्णन, हेही लिहायला लावा. ज्याला फोटो दिसत नाही त्याला पडदावाचक (पडद्यावरचा मजकूर मोठ्यानं वाचणारं सॉफ्टवेअर) ते वाचून दाखवतो. इथे ओळीचा नियम नेमका उलटा होतो: ओळीत जे दिसतंच म्हणून वगळलं, ते इथे सांगायचं. एकाच फोटोला दोन्ही लिहिली की कोणती माहिती कुठे जाते हे पक्कं बसतं.

चूक छापली गेली तर दुरुस्ती त्याच पानावर, तारखेसह, काय चुकलं होतं ते सांगून. गुपचूप बदलायचं नाही.

गुण देताना मी नुसता अंतिम फोटो घेत नाही. त्या दिवशीचे सगळे फोटो क्रमानं, निवडलेले पाच, निवडीची कारणं, ओळी आणि टिपणवही मागतो. शंभरातले चाळीस गुण ओळींना आणि टिपणांना, तीस निवडीला, तीस फोटोच्या तंत्राला. कॅमेरा चांगला असलेल्याला यात फार फायदा होत नाही, आणि ते जाणूनबुजून आहे. नावात एक चूक असेल तर त्या ओळीला शून्य. यावर दर वर्षी तक्रार येते.

शेवटचं काम गुणांबाहेरचं. ज्याचा फोटो अंकात आला त्याच्याकडे छापील प्रत घेऊन जायचं, ओळ वाचून दाखवायची आणि विचारायचं, ‘यात काही चुकलंय का?’ उत्तर वहीत लिहून आणायचं. मागच्या तुकडीतला एक मुलगा असाच गेला होता. त्यानं ‘तीस वर्षं’ लिहिलं होतं. त्या बाईंनी शांतपणे सांगितलं, तीस नव्हे, तेहतीस, आणि मी तुला तेव्हाही तेहतीसच म्हटलं होतं. तो परत आला, वही माझ्यासमोर ठेवली आणि मी काही बोलायच्या आत म्हणाला, ‘स्क्रू.’